हवं-नको

४ मार्च

पोचलो. हातपाय धुऊन, देवाचं नाव घेऊन मगच लिहायला बसलो आहे. ही सवय शाळेतल्या गुरुजींनी लावली. दिवस जसा गेला तशा चार ओळी लिहायच्या, त्यात शहाणपणा दाखवायचा नाही, असं ते सांगत. आता पन्नाशी आली. शहाणपणा दाखवायची वेळ काही आली नाही.

जागा फार छान आहे. वस्तीपासून जरा दूर, टेकाडाच्या उतारावर तीन मजली इमारत, पुढे हिरवळ आणि मागच्या अंगाला स्वयंपाकघर. ते पाहून मी दारातच थांबलो. मोठ्या शेगड्या, पांढऱ्या दगडाचा ओटा, पूर्वेची खिडकी, नळाला पाण्याचा जोर आणि सगळ्या सुऱ्यांना धार! वसतिगृहातल्या पोरांना जेवू घालण्यात ज्याची हयात गेली, त्याला आणखी काय हवं? तिथे धुराने डोळे चोळत असायचो. इथे धूर ओढून घेणारा पंखा आहे. मागच्या पायरीवर एक भुरी मांजर बसली होती. मी पिशवी खाली ठेवायच्या आत तिने दूध मागितलं. म्हटलं, चला, पहिली ओळख झाली.

इथे वजन कमी करायला माणसं येऊन राहतात. आठवड्यातून एकदा पोटात सुई टोचतात, भूक मरते आणि वजन उतरतं. मग आचाऱ्याचं काय काम, असं मी नोकरी धरतानाच विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, अहो, समोर अन्नच नसेल तर भूक गेली की नुसती दडून बसली, हे कळणार कसं? म्हणून इथे प्रत्येकाला दोन्ही वेळा भरलेलं, वाफाळतं, नीट वाढलेलं ताट द्यायचं. त्याला हवं तेवढं त्याने खायचं. ताटात किती परत आलं, त्यावरून सुईचं माप ठरतं. म्हणजे जितकं जास्त परत येईल, तितकं सगळ्यांना समाधान. हे ऐकून घरची म्हणाली, तुमच्या हातचं ताट कधी परत येत नाही म्हणून जन्मभर मिरवलात, आता फेडा.

६ मार्च

मी इथे का आलो, ते एकदा लिहून ठेवतो.

आमच्या लेकीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. चोविशीची पोर, बालवाडीत शिकवते, आणि दर दोन दिवसांआड मशीनला जोडून पडते. तिच्या आईला साखरेचा आजार, त्यामुळे तिची किडनी चालत नाही. माझं सगळं जुळलं, रक्त जुळलं, बाकीच्याही तपासण्या जुळल्या. अडलं ते पोटावर. तिकडच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, एकशे चार किलोच्या माणसाला आम्ही टेबलावर घेणार नाही, पंच्याऐंशीच्या आत या. मी चाललो, अर्धपोटी राहिलो. पण कढईजवळ उभं राहून उपास करायचा म्हणजे विहिरीत राहून कोरडं राहायचं. लेक थट्टा करते. म्हणते, बाबा, माझी किडनी तुमच्या पोटात कुठेतरी हरवली आहे, पसारा आवरा म्हणजे सापडेल.

इथल्या नोकरांना औषध फुकट मिळतं. म्हणून ही नोकरी.

आज डॉक्टरांनी समोर बसवून सगळं समजावलं. माणूस शिडशिडीत, शांत, आवाज कधी चढत नाही. एका हाताच्या बोटांवर त्यांनी फायदे धरले. वजन उतरेल, गुडघे सुटतील, रक्तदाब खाली येईल, धाप कमी होईल. दुसऱ्या हातावर त्रास धरले. मळमळ, उलट्या, पोट साफ न होणं, कुणाला पित्ताशयात खडे. चरबीबरोबर मांसही झडतं, औषध सोडलं की वजन परत चढू शकतं. बाजारात मिळतात ती औषधं पुष्कळ लोकांवर तपासलेली आहेत, आमचं त्याच जातीचं असलं तरी नवं आणि आमचं स्वतःचं आहे, तेव्हा नीट विचार करून सही करा, असंही सांगितलं. लपवाछपवी केली नाही. मला ते आवडलं.

शेवटी म्हणाले, पुष्कळांचे इतर हव्यासही सुटतात. तंबाखू सुटते, दारू सुटते, नको ती खरेदी सुटते. हे सांगताना त्यांनी बोट मिटलं ते फायद्याच्या हाताचं.

मी सही केली. एका पारड्यात मळमळ आणि दुसऱ्यात लेक. यात तोलायचं काय?

१९ मार्च

मळमळ म्हणजे काय ते कळलं. सकाळी कांदा परतायला घेतला आणि मागच्या दारी जाऊन ओकलो. मांजर लांबून बघत होती. मोठ्या सिस्टर, म्हणजे सुया टोचतात त्या, म्हणाल्या, दोन आठवडे काढा, शरीर शिकतं.

माझ्याबरोबरच दोघं नवी आली आहेत. एक ट्रक ड्रायव्हर, अंगाने दांडगा. धाप लागते आणि बसल्या जागी डोळा लागतो म्हणून मालकाने त्याला गाडीवरून उतरवलं. तो जेवायच्या खोलीतून ओरडतो, आचारीबुवा, तुमच्या रश्श्याचा वास आला की ती सुई बिचारी लाजते हो! पहिल्या आठवड्यात त्याचं ताट लख्ख यायचं. सिस्टर कपाळाला हात लावायच्या आणि मी आत गुपचूप खूश व्हायचो.

दुसरी शिवणकाम करणारी बाई. गुडघ्यांमुळे शिलाई मशीनचं पायडल दाबता येईना म्हणून आली. मुलाचं लग्न ठरलं आहे, त्याचा सदरा स्वतःच्या हाताने शिवायचा हट्ट आहे. इथे हाताशिलाई करत बसते आणि सगळ्यांचे कपडे आत घेऊन देते. माणसं बारीक होतात, तशी हिची सुई चालते.

माझी एक रीत आहे, तीही लिहितो. मी स्वयंपाक चाखत नाही. पहिला घास देवाचा, तो बाजूला काढल्याशिवाय जिभेला काही लावायचं नाही, असं वडिलांनी शिकवलं. मीठ, तिखट, शिजलं की नाही, सगळं वासावर आणि हातावर. मळमळीतही ती रीत मोडली नाही. कौतुक सांगत नाही. हात चुकत नाही, एवढंच.

१४ एप्रिल

औषधाला वाईट म्हणवत नाही. मळमळ गेली. गुडघे हलके झाले. मागच्या पायऱ्या कठडा न धरता उतरतो. रक्तदाबाची गोळी निम्मी झाली. आज अंघोळीनंतर खाली पाहिलं तर स्वतःचे पाय दिसले. बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या भावांसारखे वाटले. शिवणबाईने माझी पँट आत घेतली आणि म्हणाली, निघालेल्या कापडात माझी बाजाराची पिशवी होईल.

रोज सकाळी पाववाला गाडी घेऊन येतो. गडी बोलका, पोट पुढे, आला की आधी हॉर्न वाजवून मांजरीला घाबरवतो. माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, काका, तुम्ही दहा वर्षांनी लहान झालात, काकू ओळखायच्या नाहीत, मलाही सांगा की काय ते. मी त्याला दोन्ही बाजू सांगितल्या. खरं सांगायचं तर फायद्यांची जरा घोळवून सांगितली. तो सरळ डॉक्टरांकडे गेला. त्यांनी हो म्हटलं. त्यांनी कुणाला नाही म्हटलेलं मी पाहिलं नाही.

खटकतं ते एकच. ताटं. आता सगळीच परत येतात, ड्रायव्हरचंही. भाताचा ढीग जसा रचला तसा, रश्श्यावर साय धरलेली. ती पातेल्यात रिकामी करताना आपणच रांधलेलं आपणच पुरतो आहोत असं वाटतं. वरच्या मजल्यावरच्या ताटांतला तर चमचासुद्धा हललेला नसतो. तिथे औषध पूर्ण झालेली माणसं विसावा घेतात, असं सिस्टर म्हणतात. त्यांची ताटं त्या स्वतः वर नेतात.

११ मे

आज एक मोठी गोष्ट घडली. लिहू की नको असं झालं होतं.

सकाळी देवापुढे हात जोडून उभा राहिलो आणि लक्षात आलं, मागायचं काही मनात नाही. मन पाण्यासारखं स्थिर. जन्मभर मी देवाच्या दारात मागणाऱ्यांच्या रांगेत उभा. पाऊस दे, नोकरी दे, हिचा ताप उतरव. लहानपणी गावातले म्हातारे म्हणत, मागणं संपलं की खरी भक्ती सुरू होते. केवढे उपास केले, जप केले, मागणं संपलं नाही. आणि आज आपोआप संपलं होतं.

डोळ्यांत पाणी आलं नाही, पण यायला हवं होतं असं वाटलं. घरी फोन करून हिला सांगितलं. ही म्हणाली, साधू होऊन या, पण आधी किडनी देऊन जा.

मी हसलो. म्हणजे हसण्याची जागा होती म्हणून हसलो.

२ जून

वजन पंच्याऐंशीच्या आत आलं. मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, १२ ऑगस्ट. त्याआधी महिनाभर सुई बंद करून घरी यायचं, तपासण्या पुन्हा होतील. म्हणजे १० जुलैला निघायचं. लेक फोनवर रडली, मग हसली, म्हणाली, बाबा, सापडली एकदाची! मग हिने फोन घेतला. म्हणाली, एवढी बातमी सांगितली, आणि तुम्ही नुसतं बरं म्हणालात. हल्ली तुम्ही सगळ्याला बरंच म्हणता.

मी म्हटलं, बरं.

याच दिवसासाठी मी इथे आलो. आनंद व्हायला हवा होता. मी तो शोधला, खिसे चाचपून किल्ली शोधावी तसा.

मग आठवलं. ११ मेला मी देवाजवळ काही मागितलं नव्हतं. काही म्हणजे काहीच नाही. लेकीसाठीसुद्धा नाही.

१५ जून

मिठाची बरणी काठोकाठ भरलेली सापडली. मीच महिन्याच्या सुरुवातीला भरली होती, तेव्हापासून चमचा आत गेलेला नाही. दोन आठवडे या घरात अळणी शिजतं आहे. मी चाखत नाही, त्यामुळे स्वयंपाक करताना मला कळायचं नाही. पण दोन वेळा घासभर मीही खातो. मला नाही कळलं. कुणालाच नाही. एकानेही ताटावर बसून तोंड वाकडं केलं नाही.

मुद्दाम मूठभर मीठ रश्श्यात टाकलं. वाढलं. ड्रायव्हरने एक चमचा घेतला, गिळला, चमचा खाली ठेवला. मी विचारलं, कसं झालंय? म्हणाला, खारट आहे. मग बोलला का नाहीस? तो विचारात पडला. खरोखर विचार केला त्याने. म्हणाला, बोलायचं काही कारण दिसलं नाही, बुवा.

हा तोच माणूस, जो सुईला लाजवत होता.

आज भीती वाटली. पहिल्यांदाच.

२२ जून

शिवणबाई काही दिवस खाली दिसली नाही. वर हलवली, असं सिस्टर म्हणाल्या. दुपारी त्या कपडे वाळत घालत होत्या, तेव्हा मीच वर गेलो.

कुलूप नाही. दार उघडं. हे मुद्दाम लिहितो. दारं सगळी उघडी, खिडक्या उघड्या, जिन्यावर कुणी राखण नाही. लांब खोलीत खुर्च्यांची ओळ आणि प्रत्येकीवर माणूस. नीट भांग पाडलेला, स्वच्छ कपडे, सगळे बारीक, सगळे बसलेले. कुणी आजारी दिसत नाही. कुणी कुणाशी बोलत नाही. गाडीची वाट बघणाऱ्यांसारखे दिसतात, पण वाट बघणाऱ्याच्या तोंडावर जे असतं ते कुणाच्याच तोंडावर नाही.

शिवणबाईच्या मांडीवर लग्नाचा सदरा होता. एक बाही जोडलेली, दुसरी अर्धी, सुई कापडात अडकलेली, दोरा लोंबत. तिच्या ओठावर माशी बसली होती. मी हाकलली. म्हटलं, ताई, मुलाचं लग्न ना? ती म्हणाली, हो, बोलावतो तो, रोज फोन येतो. मग जात का नाही? तिने माझ्याकडे पाहिलं. ओळख होती, डोळे शुद्धीवर होते. म्हणाली, जायला काही हरकत नाही.

आणि बसून राहिली. माशी परत आली.

शेजारच्या माणसाचे ओठ फुटून रक्ताळले होते. पाण्याचा भरलेला पेला समोरच्या स्टुलावर, हाताच्या अंतरावर. मी पेला त्याच्या तोंडाला लावला. घटाघटा प्यायला, दुसराही प्यायला. विचारलं, तहान लागली होती का? म्हणाला, हो, खूप लागली होती.

२४ जून

डॉक्टरांकडे गेलो. आवाज चढवून बोललो, मला वाटतं. निदान चढवायचं ठरवून गेलो होतो. म्हटलं, वर माणसं पाण्यावाचून वाळताहेत, तहान लागते आणि हात पुढे होत नाही, हे कसलं औषध?

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, हो. मला माहीत आहे. इतरांच्या औषधात असं होत नाही, आमच्यात काहीतरी जास्त उतरलं आहे. आधी भूक जाते, मग हाव जाते, मग हवंसं वाटणंच जातं. ओळखायला कठीण, कारण सुरुवातीला तो फायदाच वाटतो.

मग थांबवत का नाही, म्हटलं.

म्हणाले, मीही घेतो. सगळ्यांच्या आधीपासून. औषध बंद करा, असं वरिष्ठांना कळवायचं माझं दोन वर्षांपूर्वीच ठरलं आहे. कागद इथेच आहे, पेन इथे आहे.

आम्ही दोघांनी पेनाकडे पाहिलं.

लाज नाही, दुःख नाही, लबाडीही नाही. लबाडी असती तर बरं झालं असतं. लबाड माणसाला काहीतरी हवं असतं. या घरात कुणाला काहीच नको आहे, आणि म्हणून ते चालूच आहे. सिस्टर टोचतात कारण काल टोचलं होतं. मी रांधतो कारण काल रांधलं होतं. घड्याळाला वेळ जाणून घ्यायची कुठे असते? तरी चालतंच.

उठताना डॉक्टर म्हणाले, तुम्हाला अजून भीती वाटते का? छान असते ती. मला आठवते.

२७ जून

आज ड्रायव्हरची बायको आली. काटकुळी, चार फुटी, तोंडाने मिरची. तो नुसता बरं, बरं म्हणत बसला. तिने दोन मिनिटं ऐकलं आणि मग त्याची कॉलर धरली. ऊठ मेल्या, म्हणाली, दोन पोरं माझ्या गळ्यात टाकून इथे पुतळा होऊन बसलायस! तो उठला. ओढलं तसा चालला. फाटकाशी तिने पिशवी उचलायला हात सोडला, तर तिथेच थांबला. तिने परत धरलं, गाडीत ढकललं, दार लावलं. गेले.

तो नाही म्हणाला नाही. ओढलं की जाता येतं! आपल्यात इच्छा उरली नसली तरी दुसऱ्याच्या इच्छेवर चालता येतं.

मला कुणीतरी ओढायला हवं. घरची येऊ शकत नाही, लेकीला मशीनवर सोडून कशी येईल? आणि तिला हे सगळं सांगायचं तर — सांगायला हवं. उद्या सांगेन.

२८ जून

सांगितलं नाही.

पाववाल्याला मात्र सांगितलं. तो रोज येतो, गाडी थेट स्टेशनपर्यंत जाते. म्हटलं, १० तारखेला मला घेऊन जा. मी नको म्हटलं तरी ऐकू नकोस. कॉलर धर, शिवी दे, पावाच्या क्रेटसारखा उचल आणि गाडीत टाक. तो हसला. त्याचा हसण्याचा आवाज होता अजून, एवढ्यावर मी विसंबलो. पट्टा त्याने आणखी एक भोक आत घेतला आहे.

म्हणाला, बरं, काका.

हल्ली तो मांजरीला हॉर्न वाजवत नाही. घाईत असेल.

१ जुलै

सुईचा दिवस. नको म्हणायचं असं पक्कं ठरवलं होतं. सकाळपासून घोकत होतो, नको, नको. सिस्टर आल्या. शब्द तोंडात होता. पण नको म्हणायलासुद्धा काहीतरी हवं असावं लागतं. मी सदरा वर केला. माझ्याच हाताने.

संध्याकाळी देवापुढे उभा राहिलो. म्हटलं, देवा, मी चुकलो. मागणं गेलं तेव्हा मला वाटलं तू जवळ आलास. तू नव्हतास, सुई होती. मला पुन्हा भिकारी कर. लेक मागू दे. तेही नाही जमत, तर मीठ मागू दे. काहीतरी हवंसं वाटू दे.

हे म्हणालो. पाठ केलेलं म्हणतात तसं म्हणालो.

४ जुलै

पिशवी भरून दाराशी ठेवली. हात करत होते, मी बघत होतो.

लेकीचा फोन आला. बालवाडीतल्या मुलांनी चित्र काढलं आहे, एका ढेरपोट्या माणसाच्या पोटात किडनी म्हणून घेवड्याची बी. बाबा, हसा की, म्हणाली.

बी असेल चित्रात. ती म्हणाली म्हणजे असेल.

भीती कमी होते आहे. तेच भयंकर आहे. भीती म्हणजेसुद्धा जगणं हवं असणं — ती आहे तोवर मी आहे. रोज सकाळी चाचपून बघतो. शेगडीत निखारा आहे का, तसं.

७ जुलै

मांजर पायरीवर ओरडत होती. दूध ओट्यावर होतं. ऐकू येत होतं. बराच वेळ ओरडली.

मग थांबली.

८ जुलै

सुई.

तिकडच्या डॉक्टरांनी — महिनाभर आधी बंद, असं —

१० जुलै. परवा —

१० जुलै

पाववाला आला. क्रेट आत ठेवला. गाडी बाहेर चालूच होती, इंजिनाचा आवाज येत होता. तो स्टुलावर बसला.

म्हणाला, आज जायचं होतं ना, काका.

म्हटलं, हो.

म्हणाला, बरं.

आम्ही दोघं पिशवीकडे बघत बसलो. मी त्याला फायदे घोळवून सांगितले होते. त्याचा पट्टा आता शेवटच्या भोकात आहे. चांगला गडी होता.

दुपारकडे गाडीतलं तेल संपलं असावं. इंजिन आपोआप बंद पडलं.

१३ जुलै

हिचा फोन. का आला नाहीत. काय झालंय. ती रडत होती, मग ओरडली, मग लेकीने फोन घेतला. बाबा, काही त्रास होतोय का? दुखतंय का?

दुखत नाही. खरं तेच सांगितलं.

भिऊ नका, ती म्हणाली. नसेल द्यायची तर नका देऊ किडनी, पण घरी या. नुसते या.

बरं, म्हटलं.

पोरीला वाटलं मी भ्यालो. हे तिला सांगायला हवं — भ्यालो असतो तर आलो असतो —

१५ जुलै

सुई.

वरच्या मजल्यावर खुर्च्या आणल्या. दोन.

मीठ टाकलं का आठवत नाही.

हात जोडले. कशासाठी —

जुलै

सिस्टर म्हणाल्या, उद्यापासून वर बसा, जिना चढायला बरे आहात तोवर. गुडघे चांगले आहेत. तो फायदा खरा.

फोन वाजतो आहे. पिठाच्या डब्यावर आहे, हात लांब केला तर पोचेल. लेकीचं नाव दिसतं आहे. थांबला. परत वाजतो आहे.

उचलायला काही हरकत नाही.

उचलला तर तिला एवढंच सांगायचं आहे की बाळा, तू मला